सध्या काय वाचताय? (अट : पुस्तक आपल्या दोन जिल्ह्यांतलंच हवं)

हळदपेठ

नमस्कार मंडळी. 'सध्या काय वाचताय' हा प्रश्न दर चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, आणि मग तीच ती दहा नावं येतात. म्हणून यावेळी अट घातली आहे. पुस्तक सातारा नाहीतर सांगली जिल्ह्यातलं हवं. लेखक इथला असेल तर चालेल, गोष्ट इथली असेल तर चालेल, दोन्ही असेल तर मग काय बोलायलाच नको.

सुरुवात मीच करतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचतोय, तिसऱ्यांदा. पुस्तक एका बैठकीत संपेल एवढंच आहे, पण माझी प्रत उघडायलाच वेळ लागतो. २००८ साली सांगलीत साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष आपल्याच गावचे म. द. हातकणंगलेकर. तिथल्या गाळ्यावरून ती घेतलेली. ऑगस्ट २०१९ला पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही गाद्या, मिक्सर, गव्हाची पोती माळ्यावर चढवली. पुस्तकं राहिली. 'एवढं कुठं येतंय' म्हणत राहिली, खरं सांगायचं तर. पाणी छातीला लागलं.

नऊ दिवसांनी परत आलो तर पुस्तकांचं कपाट उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन फुगलेली आणि फळीत अशी गच्च बसलेली की सुताराला बोलावून बाजू कापावी लागली. चकचकीत कागदाची जेवढी होती त्यांच्या विटा झाल्या, पान सुटेना. साध्या कागदाचीच काय ती वाचली. पहिल्या दिवशी घाईनं गच्चीवर कडक उन्हात मांडली, ती पापडासारखी वाकडी झाली. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घाला आणि पंख्याखाली ठेवा. त्यात हे पुस्तक जगलं. अजून वास येतो. पान उलटलं की बारीक गाळ मांडीवर पडतो.

दुष्काळाची कादंबरी पुरात बुडाली, यावर घरात भरपूर विनोद करून झालेत.

यावेळी वेगळं काय वाटलं ते सांगतो. आधीच्या दोन वाचनांत मी मास्तराच्या मागोमाग चाललो होतो. नवी नोकरी, परकी वाडी, शाळेत पोरं कशी येतील, तालीम कशी उभी राहील, असं सगळं. आता मास्तराकडं लक्षच जात नाही. शेवटाला वाडी उठून जाते ना, तिथं अडकलो. माडगूळकर गळा काढत नाहीत. कोण गेलं, कसं गेलं, एवढंच सांगतात आणि थांबतात. आम्हीही त्या ऑगस्टमध्ये घर सोडून गेलो होतो, पण परत येणार हे माहीत होतं. वाडीला ते माहीत नाही. कुठं गेली असतील ती माणसं?

आता तुम्ही बोला.

डाळिंबवाला

आटपाडीकर हजर आहे. आमच्या तालुक्याचं नाव निघालं म्हणून नाइलाजानं लिहायलोय.

'बनगरवाडी' १९५५ची. माडगूळ आमच्या तालुक्यातलं, त्यामुळं कुठली वाडी म्हणजे बनगरवाडी यावर आमच्याकडं चहाच्या गाड्यावर अजून भांडणं होत्यात. पण एक तक्रार आहे, पुस्तकाबद्दल नव्हं, वाचणाऱ्यांबद्दल. बाहेरचा माणूस भेटला आणि आटपाडी म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. 'अरेरे, माणदेश.' अहो, टेंभूचं पाणी आलंय. कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत आमच्यापर्यंत आणलंय. बागा उभ्या आहेत. आमचं रडणं आता पाऊस नाही म्हणून नसतं, डाळिंबावर तेल्या आला म्हणून असतं. म्हणजे रडणं आहेच, पण विषय बदललाय.

हळदपेठ, तुमच्याकडं पूर येतो तेच पाणी आम्हाला लागतं. एकाच जिल्ह्यात बुडणारे आणि तहानलेले, दोघं.

दुसरं. शेकूच्या बायकोचा प्रसंग. एकच बैल, दुसऱ्या बाजूला बाई जू घेते. यावर शहरातल्या एका कार्यक्रमात 'भारतीय स्त्रीचा त्याग' असं काय काय मी पाऊण तास ऐकलंय. घरी येऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "त्याग कसला, पेरणीचा वाफसा निघून चालला असंल." पुस्तक तिनं वाचलेलं नाही. पण मला वाटतं माडगूळकरांनीसुद्धा ते वाफशाच्याच, म्हणजे पेरणीजोग्या ओलीच्याच बाजूनं लिहिलंय.

आणि तालमीच्या उद्घाटनाला राजे येतात ते उगाच नाही. आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध. संस्थानात व्यायामाचं एवढं वेड असल्यावर वाडीतल्या लोकांना तालीम बांधावीशी वाटणारच. हे माहीत नसलं तर राजा कुठनं उगवला असं वाटतं. तो खराच होता, आणि मोटारीतनं फिरायचा.

मिरजमळा

मी 'ययाति' घेतलं होतं. साठ पानं झाली, खाली ठेवलं. ज्ञानपीठ वगैरे ठीक आहे, पण प्रत्येक वाक्याला अलंकार घातलेत. माफी असावी.

हळदपेठ

माफी कसली. खांडेकरांचा जन्म सांगलीचा म्हणून सक्ती नाही. मी ते नववीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. पन्नाशीला काढलं आणि दुपारी लागली.

चारभिंती

साताऱ्याहून. मी 'फकिरा' वाचतेय, पहिल्यांदाच, हे कबूल करायला लाज वाटते. अण्णाभाऊ साठे म्हटलं की आमच्याकडे जयंतीची मिरवणूक आणि फलक एवढंच डोळ्यांपुढे यायचं. पुस्तक उघडायची वेळ चाळिशीत आली.

पहिली गोष्ट म्हणजे वेग. १९५९ची कादंबरी, पण थांबत नाही. वाक्यं आखूड. माणूस निघाला की पोचतो, वाटेत झाडाफुलांची वर्णनं करत बसत नाही. मला वाटलं होतं मोठ्या आवाजातलं काहीतरी असेल. आवाज मोठा आहेच, पण तो तमाशाच्या फडासमोर उभा राहून बोलणाऱ्या माणसाचा आहे. मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवा ना.

दुसरी गोष्ट राधा. सगळे फकिराबद्दल बोलतात, त्याच्या आईबद्दल कुणी बोलत नाही. नवरा सुरुवातीलाच जातो. पुढे एवढं मोठं बंड आहे, पण ते ज्या घरातून उठतं ते घर ही बाई चालवते. माझं लक्ष सारखं तिकडे जातंय. दुष्काळात चूल पेटवायला काय उरलंय याचा हिशेब आधी तिच्याकडे आहे, बंड नंतर.

तक्रारही करते. चांगली माणसं फार चांगली आहेत. पंत, पाटील यांची बाजू एवढी उजळ आहे की मधूनच शंका येते. आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आहे. मिरजमळा, तेवढी तरी वाचून बघा, खांडेकरांशी तुमची दिलजमाई होईल कदाचित. सांगलीत जन्मलेल्या माणसानं वाटेगावच्या माणसाच्या पुस्तकाला लिहिलेली प्रस्तावना. तुम्हा सांगलीकरांना हे कुणी सांगत कसं नाही?

प्रश्न : जोगणीचा प्रकार मला नीट कळलेला नाही. कुणी सांगेल का?

वारणेपल्याड

मी सांगतो. आमच्या भागात फकिरा वाचायच्या आधी ऐकलेला असतो. कुणी आजोबा सांगतो, कुणी शाहीर.

जोगणी म्हणजे देवीच्या मानाची वस्तू. कादंबरीत जोगणी ज्या गावाची, जत्रा त्या गावाची. दुसऱ्या गावच्या माणसानं ती पळवली आणि आपल्या शिवेपर्यंत नेली की मान हलला. शिवेच्या आत पकडला गेला तर जीव गेला. शीव ओलांडल्यावर त्याला हात लावायचा नाही. राणोजी शिगावची जोगणी वाटेगावला आणतो. पुढं काय होतं ते तुम्ही वाचलंच आहे. शीव ओलांडल्यावरसुद्धा त्याला मारलं, म्हणून ते नुसतं मरण राहत नाही, नियम मोडणं होतं. फकिराचं सगळं तिथनं सुरू होतं. जोगणी कळली नाही तर पहिली पन्नास पानं नुसती मारामारी वाटते.

माणसं चांगली वाटतात त्याबद्दल : अण्णाभाऊ हे मुंबईत राहून लिहीत होते. लांबनं गाव चांगलंच दिसतं. माझं मत.

स्ट्रॉबेरीचा वाफा

गेल्या रविवारी भिलारला गेलो होतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, पुस्तकांचं गाव. मे २०१७मध्ये सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, नंतर कितीजण गेले माहीत नाही. कल्पना अशी की घराघरात पुस्तकं. एका घरी कादंबऱ्या, एका घरी कविता, एका घरी इतिहास. ओसरीवर बसा, वाचा, कुणी हटकत नाही.

मी यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' उचललं. देवराष्ट्र्याचं आजोळ, कऱ्हाडचं शिक्षण, बेचाळीसची धामधूम. नेत्याचं आत्मचरित्र म्हणून चाचपडत सुरू केलं, पण आईचे प्रसंग वाचताना चहा गार झाला. १९४६ला येऊन पुस्तक थांबतं. पुढचे दोन भाग त्यांच्या मनात होते, नावंही ठरली होती, 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ'. १९८४ला ते गेले, भाग राहिले.

माझा तर पहिलाही राहिला. पुस्तक तिथंच ठेवून यायचं असतं. दीडशे पानांवर खूण म्हणून बसचं तिकीट घालून आलोय. कुणी गेलात तर काढू नका.

शिवसागर

मी 'झाडाझडती' वाचतोय. महिना झाला. वीस पानं वाचतो, ठेवतो. लेखनाचा दोष नाही. आमचं घर कोयनेतलं, धरणात गेलेलं.

विश्वास पाटील नेर्ल्याचे, म्हणजे सांगली जिल्ह्याचे. त्यामुळं अटीत बसतं. कादंबरी १९९१ची, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाला. विषय धरणग्रस्तांचा. लेखक स्वतः प्रशासनात होते, त्यामुळं कागद बरोबर बोलतात. मोजणी, नोटीस, दाखला, 'उद्या या'. माझ्या आजोबांनी एका कार्यालयाचे इतके जिने चढले की आजी म्हणायची, तेवढ्यात महाबळेश्वर दोनदा चढून झालं असतं.

आमच्यात एक गोष्ट कायम सांगितली जाते. गाव उठवायचं ठरलं तेव्हा आजोबांनी घर मोडून सागवानी तुळया, खांब आणि दाराची चौकट बैलगाडीवर घातली. आधी दुसऱ्या जिल्ह्यात जमीन दाखवली, ती निघाली मुरमाड. तिथनं फिरत फिरत साताऱ्याला आले. चौकट प्रत्येक ठिकाणी बरोबर. आज आमच्या सिमेंटच्या घराला पुढं तीच चौकट आहे. बुटकी आहे. नवा पाहुणा आला की हमखास कपाळ आपटतो. बांधकाम करणाऱ्यानं वडिलांना तीनदा सांगितलं, नवी बसवू. वडील म्हणाले, वाकून या.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा घरचे म्हणाले, बरं झालं आपण तिथं नव्हतो. त्यावर आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता पुस्तकाबद्दल. खरं बोलायचं तर ते भरगच्च आहे. एकाच कुटुंबाच्या वाट्याला जेवढी संकटं येतील तेवढी सगळी येतात. मधे भाषणं आहेत. संपादकानं शंभर पानं कापली असती तर चाललं असतं, असं मी घरी बोललो. आजी नव्वदीची आहे. मी तिला रोज संध्याकाळी थोडं वाचून दाखवतो. ती म्हणाली, "कमीच लिवलंय." आता या दोन मतांपैकी कुठलं धरायचं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही, म्हणून वीस-वीस पानं.

चारभिंती

शिवसागर, वाकून या... हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

मिरजमळा

+१. आणि खांडेकरांची ती प्रस्तावना मिळवतो.

मुशीतला

खूप दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मराठी टाइप करायची सवय मोडली आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी विट्याकडचा. राहायला कोइमतूरला. आमचा धंदा गलाई. इथल्या काहीजणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सोनाराकडचं जुनं सोनं, मोड, दुकानातली झाडलोट, ते सगळं आमच्याकडं येतं. आम्ही मुशीत घालून भट्टीवर वितळवतो, तेजाबात शुद्ध करतो, टंच म्हणजे सोनं किती शुद्ध ते काढून देतो. खानापूर, आटपाडी, आसपासची गावं, प्रत्येक घरातला एकजण तरी बाहेर आहे. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत जावा, वर धुराडं दिसलं की खाली मराठी ऐकू येईल.

मी वाचतोय 'माणदेशी माणसं'. १९४९चं पुस्तक. दुकान बंद करून रात्री फोनवर वाचतो, कारण इथं मराठी पुस्तक मिळायचं कुठं. रोज एकच माणूस. दोन वाचले की दुसरा पहिल्याला पुसून टाकतो, म्हणून एकच. अशी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, फक्त त्यांच्याकडं बघायचं कसं ते माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. हळदपेठ यांनी विचारलं, वाडी उठून गेली ती माणसं कुठं गेली? अहो, आम्ही आहोत की. आम्ही धनगर नव्हे, पण दुष्काळ तोच. माडगूळकरांची माणसं म्हणजे जी राहिली ती, नाहीतर लेखकाला दिसली तोपर्यंतची. जी गेली त्यांचं पुस्तक कुठाय? तीन पिढ्या झाल्या. माझा पोरगा शाळेत तमिळ बोलतो, घरी मराठी बोलतो आणि दुकानात दोन्हीचं कालवण. गावात आमचा दुमजली बंगला आहे. त्यात आई एकटी, खालच्या एका खोलीत. वरचा मजला जत्रेला आठ दिवस उघडतो. माझ्या गल्लीत असे अकरा बंगले आहेत. मोजलेत मी.

तेजाबाच्या धुरानं वडिलांची छाती गेली. त्यावर कुणी कथा लिहिलेली माझ्या तरी वाचनात नाही. असेल तर सांगा, लगेच मागवतो.

अटीत बसतं का बघा : आपल्या जिल्ह्यातलं, पण न लिहिलेलं पुस्तक.

डाळिंबवाला

बसतंय! आमच्या भावकीतले निम्मे गलाईत आहेत. जत्रेला गाड्यांच्या नंबरपाट्या बघितल्या की सगळा भारत गावात आल्यागत वाटतं.

बाकी, मगाशी मी छाती पुढं काढून सांगितलं की माणदेश बदललाय. बागा आल्या हे खरंच. पण पाणी यायच्या आधी गावातली घरं कुणाच्या पैशानं उभी राहिली, हे मी गाळलं. गलाईच्या. हे लिहायला पाहिजे होतं.

तुम्हीच लिवा की राव.

मुशीतला

मला टंच सांगता येतो, लिहिता येत नाही.

आजोबांची एक वही मात्र आहे. जमाखर्चाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. ते १९५२ला बाहेर पडले. वही दुकानातल्या देव्हाऱ्यामागं असते. दसऱ्याला तिची पूजा करतो, पण नीट वाचलेली नाही कधी.

हळदपेठ

मग मुशीतला, तुमच्यासाठी अट अशी : सध्या तुम्ही ती वही वाचताय. एक पान इथं टाका. जसं आहे तसं, दुरुस्त न करता. आणि ती वही देव्हाऱ्यामागनं काढून कोरड्या जागी, उंचावर ठेवा. अनुभवाचे बोल.

मुशीतला

उशीर झाला, लग्नसराई आहे. रात्री वही काढली. शाई फिकट झाली आहे, अक्षर ठसठशीत. हे एक पान :

'श्री. कोळसा एक पोते. मुशी नग सहा, पैकी एक फुटकी निघाली, परत केली. चिमटा धार लावून. खोलीभाडे दिले. तांदूळ. येथे ज्वारी मिळत नाही. कार्ड घरी टाकले.'

पुढं तीन-चार पानं असंच. मग एका ओळीत :

'घरून पत्र. पाऊस नाही. पैसे पाठविले.'

पुढची पानं चाळली. दर महिना-दोन महिन्यांनी हीच ओळ येते. शब्दही तेच, क्रमही तोच. एकदाच वेगळी आहे :

'घरून पत्र. पाऊस झाला. पैसे पाठविले.'

शिवसागर

हे आजीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, पाऊस झाला तर मग परत का नाही गेला?

मुशीतला

आजींना सांगा, पुढची वही बघतो. दुसरीही आहे, गावाकडं, वरच्या मजल्यावर. आईला फोन करतो.